समाजकार्य महाविद्यालयात जातिभेदविरोधी बांधिलकी कशी राबवावी : क्रमवार मार्गदर्शन

खानदेशातल्या समाजकार्य महाविद्यालयांत जातिभेदविरोधी बांधिलकीचे काम बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी प्रतिज्ञेचा मजकूर लिहिला जातो, मग त्याचा फलक होतो, २६ नोव्हेंबरला संविधान दिनी त्याचे सामूहिक वाचन होते, आणि क्षेत्रकार्याची (विद्यार्थ्याने संस्थेत किंवा वस्तीवर जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाची) यादी मात्र गेल्या वर्षी होती तशीच, नावे बदलून, पुन्हा लागते. हा लेख क्षेत्रकार्य समन्वयक, विभागप्रमुख आणि पर्यवेक्षक शिक्षक यांच्यासाठी आहे. क्रम महत्त्वाचा असल्याने टप्पे पुढेमागे करू नयेत.

सुरुवातीलाच एक खुलासा करावा लागेल. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने २०२२ च्या मानकांत विद्यार्थ्याकडून अपेक्षित असलेल्या नऊ क्षमतांपैकी एकीत वंशभेदविरोधाचा स्पष्ट समावेश केला, आणि तेव्हापासून तिथल्या महाविद्यालयांची प्रतिज्ञापत्रे आपल्याकडे भाषांतरित होऊन येऊ लागली. त्यांतला ‘वंश’ खोडून ‘जात’ लिहिले की काम झाले, असा समज दिसतो. तिथे भेद प्रामुख्याने कातडीच्या रंगावर उभा राहिला आहे. आपल्याकडे तो आडनाव, गाव, गावठाण की वस्ती की पाडा, बोली आणि प्रवेशयादीतला प्रवर्ग यांतून ओळखला जातो. त्यामुळे भेद नेमका कुठे घडतो, ती ठिकाणे आपल्याला आपल्याच कागदपत्रांत शोधावी लागतात.

पूर्वतयारी एप्रिल ते जून या काळात करावी. जुलैमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली की कोणालाही वेळ नसतो, आणि ऑगस्टमध्ये क्षेत्रकार्य सुरू झाल्यावर यादी बदलायला कोणी तयार होत नाही.

टप्पा १ : आधी नोंदी, नंतर मजकूर

मागील तीन वर्षांच्या चार नोंदी काढाव्यात : कोणता विद्यार्थी कोणत्या संस्थेत क्षेत्रकार्याला गेला ती नोंदवही, क्षेत्रकार्याचे अंतर्गत गुण, मौखिक परीक्षेचे गुण, आणि मध्येच शिक्षण सोडलेल्यांची यादी. या चारही नोंदी प्रवर्गनिहाय एका तक्त्यात मांडाव्यात. जिल्ह्याची पार्श्वभूमी शेजारी ठेवावी, कारण २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगावात सुमारे १४ टक्के होते. नंदुरबारच्या महाविद्यालयातली ‘पुरेशी’ संख्या आणि जळगावातली ‘पुरेशी’ संख्या एकच असू शकत नाही.

सावधान : वर्गात विद्यार्थ्यांना उभे करून किंवा हात वर करायला लावून ही माहिती घेऊ नये. प्रवर्ग कार्यालयाकडे आधीच असतो. चाळीस जणांच्या वर्गात पारधी समाजातला एकच विद्यार्थी असेल, तर नाव गाळूनही तो तक्त्यात उघडा पडतो. म्हणून पाचपेक्षा कमी संख्येचे रकाने एकत्र करावेत आणि मूळ तक्ता समन्वयक व भेदभावविरोधी अधिकारी या दोघांपुरताच ठेवावा.

टप्पा २ : एका पानाचा मसुदा

तक्ता समोर आल्यावरच मसुद्याला हात घालावा. मसुदा एका पानाचा असावा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत : कोण करणार, केव्हापर्यंत करणार, झाले नाही हे कोणाला आणि कसे कळणार? ‘आमचे महाविद्यालय सर्व प्रकारच्या भेदभावाचा तीव्र निषेध करते’ हे वाक्य या तिन्ही प्रश्नांना नापास होते, म्हणून ते खोडावे. त्याऐवजी असे लिहावे : ‘क्षेत्रकार्याची यादी समन्वयक १० ऑगस्टपूर्वी सूचना फलकावर लावतील, हरकतीसाठी सात दिवस असतील, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर दिले जाईल.’ दुसरे वाक्य रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे. पण विद्यार्थ्याला हातात धरून दाखवता येते ते रुक्ष वाक्यच.

कायदेशीर आधार मसुद्यात दोन ओळींत यावा : संविधानाची कलमे १५ (भेदभावास मनाई) आणि १७ (अस्पृश्यतेचे उच्चाटन), अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९, आणि उच्च शिक्षण संस्थांतील समतेविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम. २०१२ च्या विनियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक आहे. या विनियमांत पुढे बदल झाले आहेत का, हे मसुदा अंतिम करण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

नेहमीची चूक : हे सगळे काम विभागातल्या दलित किंवा आदिवासी शिक्षकावर सोपवले जाते, आणि वर ‘तो विषय सरांचाच’ असे कौतुकही होते. समितीत ते जरूर असावेत, परंतु जबाबदारीची सही प्राचार्य आणि समन्वयक यांची असावी. ज्याच्यावर अन्याय होऊ शकतो, त्यानेच तो मोजायचा, त्याची टिपणेही काढायची आणि सहकाऱ्यांचा रोषही पत्करायचा, ही वाटणी मुळातच चुकीची आहे.

टप्पा ३ : प्रवेश आणि शुल्क

येथे फार लिहिण्यासारखे नाही, पण तीन सवयी बंद कराव्यात. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागू नये. महाडीबीटीवरचे (राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचे) शिष्यवृत्तीचे अर्ज प्रलंबित असलेल्यांची नावे फलकावर लावू नयेत, कारण ती यादी म्हणजे प्रवर्गाची जाहीर यादीच असते. संबंधितांना वैयक्तिक निरोप द्यावा. आणि लिपिकाने वर्गाच्या दारात उभे राहून ‘स्कॉलरशिपवाले बाहेर या’ असे पुकारणे थांबवावे.

टप्पा ४ : क्षेत्रकार्याची विभागणी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. समाजकार्याच्या पदवीत पुढची नोकरी बऱ्याच अंशी क्षेत्रकार्याच्या संस्थेवर ठरते, आणि ती संस्था कोणाला मिळणार हे एका बैठकीत अर्ध्या तासात ठरवून टाकले जाते.

पहिल्या टप्प्यातला तक्ता उघडला की सहसा एक आकृती दिसते. रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, समुपदेशन केंद्र, कंपन्यांचे सामाजिक दायित्व (सीएसआर) विभाग येथे एका प्रकारची आडनावे असतात. पाडे, आश्रमशाळा, ऊसतोड कामगारांच्या वस्त्या येथे दुसऱ्या प्रकारची. कारण विचारल्यास उत्तर तयार असते : ‘त्यांना ती भाषा येते, लोक त्यांना स्वीकारतात.’ उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पावरा आदिवासी विद्यार्थ्याला पावरी बोली येते म्हणून दोन्ही वर्षे धडगावलाच पाठवले, तर त्याला रुग्णालयातले काम कधी शिकवणार?

विभागणी पुढील क्रमाने करावी.

(१) संस्थांची दोन गटांत वर्गवारी करावी : जिथे पगारी पदे निघतात त्या, आणि जिथे निघत नाहीत त्या.
(२) प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षांत दोन्ही गटांत किमान एकेक सत्र मिळेल, अशी अदलाबदल ठरवावी.
(३) विद्यार्थ्यांची पसंती लेखी घ्यावी, पण पसंतीपत्रावर आडनाव ठेवू नये, हजेरी क्रमांक ठेवावा.
(४) यादी तयार झाल्यावर ती प्रवर्गनिहाय पुन्हा मोजावी आणि जुनीच आकृती उमटली असेल, तर जाहीर करण्यापूर्वी बदलावी.

भाषांतराचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. एका वर्षी मी एकाच पाड्यावर एकाच दिवशी गेलेल्या दोन विद्यार्थ्यांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले. एक चार पानांचा होता. त्यात शेतमजूर बाईचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवलेले होते आणि गुण उत्तम पडले होते. दुसरा जेमतेम दीड पानाचा, गुण कमी. त्या बाईचे प्रत्येक वाक्य मराठीत सांगणारा विद्यार्थी हा दुसऱ्या अहवालाचा लेखक होता. दिवसभर तो मित्रासाठी बोलत राहिला. स्वतःचे टिपण काढायला त्याला हात मोकळा मिळाला नाही. दोन्ही अहवालांवर पर्यवेक्षकाची सही होती, आणि ती सही माझीच होती.

तेव्हापासून अहवालाच्या नमुन्यात मी एक ओळ घातली आहे : ‘संभाषणाचे भाषांतर कोणी केले?’ भाषांतर करणाऱ्याला त्याचे स्वतंत्र गुण द्यावेत आणि त्याने स्वतः घ्यायच्या मुलाखती वेगळ्या दिवशी ठेवाव्यात. बाकीच्यांनी क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी त्या भागातल्या बोलीतले पन्नास शब्द शिकून यावे. धडगावला पावरी आणि भिलोरी, नवापूरला मावची आणि कोकणी, एवढा फरक तरी शिक्षकाला ठाऊक असावा. ‘आदिवासी भाषा’ नावाची एकच भाषा नाही.

वेळापत्रक : सातपुड्यातली आणि पायथ्याची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला गुजरातेत आणि राज्याच्या इतर भागांत जातात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. डिसेंबर-जानेवारीत पाड्यावर विद्यार्थी पाठवायचे, आणि मग ‘लोकांचा प्रतिसाद अत्यल्प होता’ असे अहवालात लिहायचे, ही समन्वयकाची चूक असताना तिचा दोष वस्तीच्या माथी जातो. गृहभेटी ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि होळीनंतर ठेवाव्यात.

ग्रामीण शिबिरासाठी गाव ठरवण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः गावात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात : मुक्काम कोणत्या इमारतीत, पाणी कोणत्या विहिरीचे किंवा नळाचे, स्वयंपाक कोण करणार, आणि त्या इमारतीत गावातले सगळेजण येतात का. मंदिराचा सभामंडप मोफत मिळतो म्हणून आनंदाने घेतला जातो आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला वस्तीतले कोणीच का आले नाही, याचे कोडे शिबिर संपेपर्यंत सुटत नाही.

सावधान : एखाद्या गावाने किंवा संस्थेने विशिष्ट विद्यार्थ्याबद्दल नापसंती सूचित केली, मग ती वेगळ्या कपातल्या चहातून का असेना, तर विद्यार्थी बदलू नये, गाव किंवा संस्था बदलावी. ‘मुलाला त्रास नको’ या काळजीपोटी विद्यार्थीच हलवला, तर नोंदवहीत ते ‘वैयक्तिक कारणास्तव बदली’ असे उतरते आणि पुरावा नाहीसा होतो. संस्थेबरोबरच्या करारपत्रात हे कलम आधीच असावे.

तपासणी : यादी लागल्यावर स्वतःला विचारावे की आडनावे झाकून कोणत्या संस्थेत कोण गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो का. येत असेल, तर या टप्प्याच्या सुरुवातीला परत जावे.

टप्पा ५ : अहवालाची भाषा

दर आठवड्याच्या वैयक्तिक चर्चेत अहवालातले एक तरी वाक्य घेऊन त्यावर काम करावे. उदाहरणार्थ, पुढचे वाक्य थोड्याफार फरकाने दरवर्षी येते :

‘सदर कुटुंबप्रमुख व्यसनी व अज्ञानी असून शिक्षणाचे महत्त्व माहीत नसल्यामुळे मुलांना शाळेत पाठवत नाही.’

विद्यार्थ्याला रागावण्याऐवजी विचारावे : हे तू पाहिलेस, ऐकलेस की ठरवलेस? उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) किती घेतली आहे? मुकादम (मजूर नेणारा मध्यस्थ) कोण? नवरा-बायको दोघेही कोयत्याला जातात का? मागे कोणी म्हातारे माणूस राहते का? हंगामी वसतिगृहाची सोय त्या गावात होती का? उत्तरे घेऊन पुन्हा गेल्यावर तोच विद्यार्थी असे लिहू लागतो :

‘कुटुंबाने दिवाळीपूर्वी मुकादमाकडून उचल घेतली. घरी सांभाळणारे कोणी नसल्याने दोन्ही मुलांना सोबत नेले. शाळेच्या पटावर दोघांची नावे आहेत. वडील दारू पितात, असे शेजाऱ्यांनी सांगितले. मी स्वतः पाहिले नाही.’

दारूचा उल्लेख गाळलेला नाही, याकडे लक्ष द्यावे. भेदभावविरोधी लेखन म्हणजे गोडगोड लेखन, असा दुसऱ्या टोकाचा गैरसमजही वर्गात असतो, आणि मग ‘निसर्गाची भोळीभाबडी लेकरे’ अहवालात अवतरतात. तेही काढून टाकावे. भोळे ठरवणे हा माणसाला मोजण्याबाहेर ठेवण्याचाच प्रकार आहे.

अहवालात जात कोणाची लिहिली जाते, हेही पाहावे. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतमजुराची, जात पहिल्या ओळीत असते. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्याने त्याच्याशी वर्षाचा व्यवहार ठरवला, त्या शेतमालकाची जात अहवालात कुठेच नसते. नियम सोपा ठेवावा : व्यवहार समजण्यासाठी जात आवश्यक असेल, तर दोघांचीही लिहावी, नसेल, तर कोणाचीच नको.

पारधी वस्तीवरच्या अहवालांत ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ हा शब्द आला, तर पर्यवेक्षकाने तो तिथेच थांबवावा. एखाद्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; विद्यार्थी मात्र तो शब्द पोलीस ठाण्यातून किंवा वर्तमानपत्रातून उचलून आजही अहवालात आणतो.

टप्पा ६ : मौखिक परीक्षा आणि गुण

बाह्य परीक्षकांना परीक्षेच्या आठ दिवस आधी एका पानाचे सूचनापत्र पाठवावे. त्यात दोन गोष्टी ठळकपणे असाव्यात. प्रवेश कोणत्या प्रवर्गातून मिळाला, आडनाव कुठले, घरचे काय करतात, असे प्रश्न विचारू नयेत. आणि गुणपत्रिकेतला ‘संवादकौशल्य’ हा रकाना उच्चाराचे गुण देण्यासाठी नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘आहे’च्या जागी मध्येच ‘शे’ येते, आणि समोरचे परीक्षक एकमेकांकडे पाहून हसतात. त्या हसण्यानंतर मुलगा पुढचे उत्तर चार शब्दांत संपवतो आणि शेऱ्यात ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे लिहिले जाते. वस्तीवर मात्र त्याच अहिराणीमुळे लोक त्याच्याशी तासभर बोललेले असतात. संवादकौशल्याचे गुण क्षेत्रातल्या संभाषणावर, म्हणजे अहवालातल्या पुराव्यावर द्यावेत.

तपासणी : अंतर्गत आणि मौखिक गुणांत ठळक तफावत असेल, तर निकाल पाठवण्यापूर्वी परीक्षकांकडून लेखी कारण घ्यावे.

टप्पा ७ : तक्रार आल्यावर

तक्रार येईपर्यंत थांबून मग कार्यपद्धती शोधू नये. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे पद आणि भेटण्याची वेळ पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती छापील द्यावी. ज्याच्या हाताखाली अंतर्गत गुण आहेत, तो पर्यवेक्षक शिक्षक तक्रारीचा पहिला थांबा असू नये.

तक्रार तोंडी असली तरी तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत आणि तक्रारदाराला प्रत द्यावी. ‘जातीवाचक शब्द वापरले’ एवढे लिहून भागत नाही. शब्द जसा उच्चारला तसाच यावा. मग कोणता मार्ग लागू होतो, हे पाहावे, कारण येथे गोंधळ फार होतो. १९८९ च्या कायद्याचे संरक्षण अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना आहे, आणि त्यातल्या अपमानाच्या कलमांत कृत्य लोकांच्या नजरेसमोर घडलेले असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात पारधी आणि तडवी भिल्ल अनुसूचित जमातींत येतात. बंजारा विमुक्त जातींत येतात, म्हणून त्यांच्या तक्रारीला हा कायदा लागत नाही. मात्र आयोगाच्या २०१२ च्या विनियमांचा मार्ग त्यांनाही खुला आहे. त्यात निर्णय साठ दिवसांत अपेक्षित आहे. प्रकार रॅगिंगचा असेल, तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. महाविद्यालयातली चौकशी सुरू आहे, या कारणाने विद्यार्थ्याला पोलिसांकडे जाण्यापासून रोखता येत नाही.

नेहमीची चूक : दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका, वर्ष वाया जाईल’ असे सांगणे. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २०१९ मध्ये मृत्यू झाला, आणि छळाबद्दल कुटुंबाने त्याआधीच तक्रार केली होती, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचे हे प्रकरण तक्रार हाताळणाऱ्या प्रत्येकाने तारीखवार वाचावे.

चौकशीच्या काळात तक्रारदाराचे क्षेत्रकार्य, हजेरी आणि गुण दुसऱ्या पर्यवेक्षकाकडे वर्ग करावेत. हे आदेश त्याच दिवशी लेखी निघावेत. तोंडी आश्वासन परीक्षेच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

टप्पा ८ : एप्रिलमधली फेरमोजणी

पहिल्या टप्प्यातला तक्ता त्याच रकान्यांसह पुन्हा भरावा. रकाने बदलू नयेत. मोजमाप बदलले की आकडे आपोआप सुधारतात. तक्रारींची संख्या वाढली असेल, तर लगेच घाबरू नये, कारण पहिल्या एकदोन वर्षांत ती वाढणे बहुधा विश्वासाचे लक्षण असते. शून्य तक्रारींचा रकाना दिसला, तर उलट अधिक चौकशी करावी. शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना शक्य असल्यास होळीनंतर, ते गावी असतात तेव्हा, प्रत्यक्ष भेटून कारण विचारावे. दाखल्यावर ‘घरगुती अडचण’ लिहून गेलेल्यांपैकी काहींची अडचण घरात नसून खोलीमालकाच्या दारात होती, हे अशाच भेटींत कळते.

फेरमोजणीच्या तक्त्याच्या तीन प्रती काढाव्यात : एक प्राचार्यांकडे, एक समान संधी कक्षात आणि एक समन्वयकाच्या कपाटात. समन्वयक बदलला, तर पदभार सोपवण्याच्या यादीत चाव्या आणि नोंदवह्यांबरोबर या तक्त्याचा स्वतंत्र अनुक्रमांक असावा आणि नव्या समन्वयकाने तो वाचून, तारीख टाकून सही करावी.